सोऱ्या, सुई आणि चेहऱ्यातील जेल

दिवाळीच्या आधी घरातला सोऱ्या माळ्यावरून खाली येतो. त्यात चकलीची ताटली बसवली, की पीठ फारशी कुरकुर न करता खाली उतरते. तीच जागा बारीक शेवेच्या ताटलीने घेतली, की दाबणाऱ्याचे दंड भरून येतात. दाबणारा तोच आहे आणि पीठ मळणारेही तेच हात आहेत. बदलले आहे ते फक्त भोक.

भोक लहान झाले की त्यातून दाट पदार्थ ढकलणे किती पटींनी अवघड होते? या प्रश्नाचे नेमके उत्तर प्वाझय नावाच्या एका फ्रेंच वैद्याने १८४० च्या सुमारास दिले. प्वाझयला सोऱ्याशी काही कर्तव्य नव्हते. शरीरातल्या अगदी बारीक वाहिन्यांतून रक्त कसे वाहते, हे त्याला समजून घ्यावयाचे होते. त्याकरिता त्याने केसासारख्या बारीक काचनळ्यांतून पाणी सोडून मोजमापे घेतली. त्याला असे आढळले, की नळीतून दर सेकंदाला वाहणारे पाणी नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. म्हणजे त्रिज्या निम्मी केली, की प्रवाह निम्मा होत नाही, पावही होत नाही, तर सोळावा हिस्सा उरतो. शिवाय नळी जितकी लांब आणि द्रव जितका दाट, तितका प्रवाह कमी. द्रवाच्या या दाटपणाला भौतिकीत श्यानता म्हणतात.

हा नियम तुम्ही महाविद्यालयात आल्यावर शिकालच. आज तो थोडा आधी शिकावयाचे कारण निराळे आहे. चेहऱ्याच्या कातडीखाली सुईने जेल भरून गाल, ओठ, नाक यांना उठाव आणण्याची एक पद्धत सध्या बरीच पसरली आहे. या भरणद्रव्याला डर्मल फिलर असे म्हणतात. पूर्वी हे काम मुख्यतः स्त्रिया करून घेत. आता पुरुषही, विशेषतः तरुण, जबड्याची कड ठसठशीत व्हावी, हनुवटी पुढे यावी, डोळ्यांखालचा खळगा भरून निघावा म्हणून दवाखान्याची पायरी चढतात. आमच्या वर्गातला एखादा विद्यार्थी तास संपल्यावर रेंगाळतो आणि ‘सर, ते जबड्याचे इंजेक्शन सुरक्षित असते का हो?’ असे हळूच विचारतो. ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दाचे उत्तर त्याला देता येत नाही. पण धोका कोठे आहे आणि का आहे, हे बऱ्याच अंशी भौतिकीच्या भाषेत सांगता येते. ते सांगण्याचा हा प्रयत्न.

प्रथम हे जेल कशाचे असते ते पाहू. सध्या सर्वांत जास्त वापरात असलेले फिलर हायल्युरॉनिक आम्लाचे असते. ‘आम्ल’ या शब्दाने दचकू नका. हा पदार्थ आपल्या प्रत्येकाच्या शरीरात आहे. कातडीत आहे, सांध्यांच्या वंगणात आहे, आणि डोळ्याच्या बुबुळामागे जो काचेसारखा पारदर्शक गर असतो त्यातही आहे. कार्ल मायर आणि जॉन पामर या दोघांनी १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गाईच्या डोळ्यांतील या गरातूनच तो प्रथम वेगळा केला. काचेला ग्रीक भाषेत ‘हायलॉस’ म्हणतात, त्यावरून त्याचे नाव पडले. पुढे कितीतरी वर्षे तो कोंबड्याच्या तुऱ्यांतून काढीत असत. आता तो बहुतेक जीवाणूंकडून तयार करून घेतात.

रचनेने हा पदार्थ म्हणजे दोन प्रकारच्या शर्करांच्या जोड्यांची लांबच लांब माळ. एका माळेत अशा हजारो जोड्या असतात. या माळा पाण्याला घट्ट धरून ठेवतात, म्हणून थोड्याशा पदार्थाने बऱ्याच पाण्याचे जेल होते. फिलरच्या १ मिलिलिटर जेलमध्ये हायल्युरॉनिक आम्ल साधारण २० ते २५ मिलिग्रॅम असते. बाकी जवळजवळ सगळे पाणीच! मात्र नुसत्या माळा कातडीत भरल्या, तर शरीर त्या एकदोन दिवसांत मोडून टाकते. म्हणून कारखान्यात या माळा एकमेकींना रासायनिक गाठींनी जोडतात. सुट्या दोऱ्यांचा गुंता आणि कोळ्याचे विणलेले जाळे यांत जो फरक असतो तोच येथे होतो. जाळे ओढले तर ताणते आणि सोडले तर पूर्ववत होते, म्हणजे त्याला स्थितिस्थापकत्व येते. असे गाठी मारलेले जेल कातडीखाली सहा महिने, वर्षभर, काही वेळा त्याहूनही अधिक काळ टिकते.

दाब नसताना हे जेल ब्रशवरच्या टूथपेस्टसारखे जागच्या जागी उभे राहते आणि जोराने दाबले की पातळ होऊन सुईतून निसटते. दाबाखाली पातळ होणे हा गुण नसता, तर इतक्या बारीक सुईतून ते बाहेर काढणे माणसाच्या अंगठ्याला झेपलेच नसते. प्वाझयचा नियम पाण्यासारख्या साध्या द्रवांसाठी आहे. अशा चमत्कारिक जेलला तो जशाचा तसा लागू पडत नाही, हे येथे सांगून ठेवले पाहिजे. पण बारीक सुईला फार मोठा दाब लागतो हा त्याचा मुख्य निष्कर्ष येथेही खराच आहे.

किती मोठा दाब? कागद-पेन्सिल घ्या. फिलरच्या पिचकारीचा आतला व्यास सुमारे ५ मिलिमीटर धरू. म्हणजे दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस मिलिमीटर झाले. अंगठ्याने दट्ट्यावर २० न्यूटन बल लावले असे समजा. दोन किलो बटाट्यांची पिशवी उचलायला एवढेच बल लागते, तेव्हा हे काही फार नव्हे. बलाला क्षेत्रफळाने भागा. उत्तर येते दहा लाख पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ दहापट. आता निरोगी माणसाच्या रोहिणीतील रक्ताचा वरचा दाब पाहा. तो १२० मिलिमीटर पारा, म्हणजे सुमारे १६,००० पास्कल. भागाकार करा. पिचकारीतला दाब रोहिणीतल्या दाबाच्या साठपट भरतो!

यातला बहुतेक दाब सुईतच खर्ची पडतो, हे खरे. सुईचे आतले भोक जेमतेम ०.२ मिलिमीटरचे असते आणि जेल त्यातून घासत जाते. परंतु सुईच्या टोकाशी साठ भागांपैकी एखाद-दुसरा भाग दाब उरला, तरी तो रोहिणीतल्या रक्ताला मागे रेटायला पुरेसा आहे. सगळ्या धोक्याचे मूळ येथे आहे. ते समजण्यासाठी चेहऱ्यातील रक्तवाहिन्यांचा नकाशा थोडा पाहिला पाहिजे.

मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या रोहिणीपासून डोळ्याकडे एक शाखा जाते. तिला नेत्र रोहिणी म्हणू. तिच्यातून एक अतिशय बारीक फांदी निघते. मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही ती बारीक असते. ही फांदी दृष्टिपटलाच्या आतल्या थरांना रक्त पुरवते. नेत्र रोहिणीच्याच दुसऱ्या काही फांद्या खोबणीतून बाहेर पडून भुवयांच्या मधून कपाळावर चढतात आणि नाकाच्या दांड्यावर उतरतात. गालाकडून नाकाच्या कडेने वर येणारी रोहिणी नाकाच्या मुळाशी यांनाच येऊन मिळते. थोडक्यात, चेहऱ्याचे रक्त आणि डोळ्याचे रक्त ही दोन वेगळी धरणे नाहीत. एकाच कालव्याचे ते पाट आहेत.

आता समजा, भुवयांच्या मध्ये किंवा नाकावर सुई टोचताना तिचे टोक नकळत अशा एखाद्या रोहिणीत शिरले. पिचकारी दाबली. जेल रक्तात विरघळत नाही. दट्ट्यासारखा गोळा होऊन ते रक्ताला उलट्या दिशेने, डोळ्याच्या खोबणीकडे ढकलू लागते. ते फाट्याच्या पलीकडे पोचले आणि अंगठा सैल पडला, की हृदयाचा दाब पुन्हा वरचढ होतो. मग रक्त त्या जेलला सरळ दिशेने पुढे नेते. या वेळी ज्या फांदीचे तोंड समोर येईल त्या फांदीत ते जाते. ती दृष्टिपटलाची रोहिणी असेल, तर त्या डोळ्यापुढे काळोख होतो. जेल आणखी मागे मोठ्या रोहिणीपर्यंत गेले असेल, तर ते मेंदूत जाऊन पक्षाघातही होऊ शकतो.

हे घडायला किती जेल लागते? पुन्हा गणित करू. भुवईपासून खोबणीच्या टोकापर्यंतच्या रोहिणीची लांबी ५० मिलिमीटर आणि आतला व्यास १ मिलिमीटर धरला, तर वृत्तचितीच्या सूत्राने तिचे घनफळ सुमारे ४० घन मिलिमीटर, म्हणजे ०.०४ मिलिलिटर येते. व्यास दीड मिलिमीटर धरला तर ०.०९ मिलिलिटर. मृतदेहांवर प्रत्यक्ष मापने करणाऱ्या संशोधकांना या रोहिणीचे घनफळ ०.०४ ते ०.१२, सरासरी ०.०८५ मिलिलिटर आढळले. आपले घरगुती गणित फारसे चुकले नाही! आपल्या ५ मिलिमीटर व्यासाच्या पिचकारीत एवढे जेल बाहेर पडायला दट्ट्या फक्त ४ मिलिमीटर सरकावा लागतो. जाणकार डॉक्टर एका जागी एका वेळी अगदी थोडे जेल आणि तेही सावकाश भरतात, त्याचे कारण आता तुमच्या लक्षात आले असेल. दाब कमी ठेवायचा आणि भरलेले घनफळ त्या रोहिणीच्या घनफळापेक्षा कमी ठेवायचे.

दृष्टिपटलाला रक्ताचा पर्यायी पुरवठा बहुधा नसतो. माकडांवरील प्रयोगांत असे दिसले, की ही रोहिणी सुमारे ९७ मिनिटे बंद ठेवून पुन्हा उघडली, तर दृष्टिपटल सावरू शकते. चार तास बंद राहिली, तर ते कायमचे निकामी होते. माणसाच्या बाबतीत ही मुदत याहून बरीच कमी असावी असेही काही तज्ज्ञ मानतात.

अशा दुर्घटना विरळा आहेत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. फिलर घेणाऱ्या बहुसंख्य लोकांना चारदोन दिवस सूज, लाली, काळेनिळे डाग यापलीकडे काही होत नाही. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत २०१५ च्या आरंभापर्यंत फिलरमुळे दृष्टी गेल्याची ९८ उदाहरणे नोंदली गेली होती. त्यांतली जवळजवळ निम्मी रुग्णाची स्वतःचीच चरबी काढून चेहऱ्यात भरल्यामुळे घडली होती, तर सुमारे पाव भाग हायल्युरॉनिक आम्लाच्या जेलची होती. त्यानंतरच्या साडेतीन-चार वर्षांत आणखी ४८ उदाहरणे नोंदली गेली आणि या वेळी पाचांपैकी चार जेलची होती. लाखो लोक फिलर घेतात, त्या मानाने हे आकडे लहान आहेत. पण गेलेली दृष्टी क्वचितच परत येते. संभवनीयता कमी आणि नुकसान अपार, अशा धोक्याचे माप नुसत्या टक्केवारीने घेता येत नाही, असे माझे मत आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये या धोक्याविषयी जाहीर इशारा दिला. त्यात भुवयांमधील जागा, नाक, कपाळ आणि डोळ्यांभोवतालचा भाग यांचा खास उल्लेख होता.

डोळा वाचला तरी कातडीला धोका उरतोच. नाकाकडे किंवा ओठाकडे जाणारी फांदी जेलने बुजली, तर त्या भागाची कातडी प्रथम पांढरी फटक पडते, मग तिच्यावर जांभळट जाळी उमटते, आणि वेळीच उपाय न झाल्यास काही दिवसांत ती काळी पडून मरते. हे ओळखण्याची एक सोपी परीक्षा तुम्ही आत्ता करू शकता. अंगठ्याचे नख दाबून धरा. ते पांढरे होईल. दाब काढा. दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परत आला पाहिजे, कारण केशवाहिन्यांत रक्त लगेच भरते. जेल टोचल्यावर डॉक्टर कातडीची हीच परीक्षा घेतात. रंग परतायला वेळ लागला की पुरवठा तुंबला असे समजावयाचे.

आता पुरुषांचा प्रश्न. पुरुषाची कातडी स्त्रीच्या कातडीपेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने जाड असते आणि दाढीमिशीच्या भागात रक्तपुरवठा भरपूर असतो. दाढीच्या प्रत्येक राठ केसाच्या मुळाशी रक्तवाहिन्यांचे एक छोटे जाळे असते. म्हणून त्या भागात सुई टोचली, की रक्त साकळणे आणि काळेनिळे डाग पडणे अधिक होते. केसांच्या मुळांशी जीवाणूंचे वास्तव्य असते. कातडी नीट निर्जंतुक केली नाही, तर सुई त्यांना आपल्याबरोबर आत नेते आणि जेलच्या आडोशाला त्यांची वसाहत होऊ शकते. ही वसाहत स्वतःभोवती एक बुळबुळीत पापुद्रा तयार करून प्रतिजैविकांनाही दाद देत नाही, आणि महिन्यांनंतर गाठ किंवा गळू म्हणून प्रकट होते. शिवाय दाट दाढी असली, की वर सांगितलेली पांढरी-जांभळी खूण केसांत झाकली जाते आणि मौल्यवान वेळ फुकट जातो. पुरुषाचा जबडा रुंद, म्हणून जेलही अधिक लागते. जितके टोचणे अधिक तितक्या वेळा सुई एखाद्या रोहिणीला गाठण्याची शक्यता. जबड्याच्या कडेवरूनच चेहऱ्याची मुख्य रोहिणी वर चढते. दात एकमेकांवर आवळून, जबड्याच्या कोनाच्या थोडे पुढे हाडाच्या कडेवर बोट ठेवा. तिची नाडी लागेल.

व्यायामशाळेत जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट येथेच सांगतो. वजने उचलताना रक्तदाब बराच चढतो. टोचलेल्या जागा ताज्या असताना असे केले, तर आतला रक्तस्राव आणि सूज वाढते, म्हणून एकदोन दिवस व्यायाम बंद ठेवावा लागतो. रक्त पातळ करणाऱ्या ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांची माहितीही डॉक्टरांपासून लपवावयाची नसते.

सुई रोहिणीत शिरली आहे किंवा नाही हे आधी ओळखता येणार नाही का? दट्ट्या थोडा मागे ओढून रक्त येते का ते पाहतात. पण सुईत दाट जेल भरलेले असल्यामुळे रक्त त्यातून मागे येईलच असे नाही. रक्त आले तर सुई रोहिणीत आहे हे नक्की; नाही आले तर काहीच सिद्ध होत नाही. दुसरा उपाय बोथट टोकाच्या नळीचा. सुईचे टोक तीक्ष्ण, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ नगण्य, म्हणून थोड्या बलानेही प्रचंड दाब होऊन रोहिणीची भिंत फुटते. नळीचे टोक गोल असल्यामुळे तेवढ्या बलाने रोहिणी नुसती बाजूला सरते. मात्र ही नळी पुरेशी जाड हवी. फार बारीक नळी बोथट असूनही सुईच्याच बलाने भिंत भेदते, असे प्रयोगांत दिसले आहे. हल्ली ध्वनातीत लहरींनी कातडीखालच्या रोहिण्या पडद्यावर पाहून मग टोचणारे डॉक्टरही आहेत.

एक रंगाची गंमतही सांगतो. डोळ्यांखालच्या पातळ कातडीत जेल फार वर भरले गेले, तर तेथे निळसर छटा दिसू लागते. वैद्यकाच्या पुस्तकांत याला टिंडल परिणाम म्हणतात. जॉन टिंडलने १८६९ मध्ये दाखवून दिले, की हवेतील अतिसूक्ष्म कणांवरून विखुरणारा प्रकाश निळसर असतो. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी तांबड्याहून कमी, म्हणून लहान कण त्याला पाच-सहा पटींनी जास्त विखुरतात. पण जेल स्वतः स्वच्छ पारदर्शक असते आणि त्याचे कणही मोठे असतात. मला स्वतःला हे नाव येथे थोडे ओढूनताणून लावलेले वाटते. अधिक पटणारे स्पष्टीकरण असे : तांबडा प्रकाश कातडीत खोल जातो आणि नेहमी आतल्या थरांवरून विखुरून परत येतो; वाटेत पारदर्शक जेलचा कप्पा असला की तो परतत नाही, आणि वरवरच्या थरांवरून परतणारा निळा प्रकाश तेवढा उठून दिसतो. आपल्या मनगटावरच्या शिरा निळ्या दिसण्यामागेही काहीसे असेच कारण आहे; त्यांतले रक्त काही निळे नसते.

हायल्युरॉनिक आम्लाच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे. त्याला उतारा आहे. हायल्युरोनिडेज नावाचे विकर त्याच्या माळा कात्रीसारखे कापून टाकते. रोहिणी बुजल्याचे लक्षात येताच हे विकर भरपूर प्रमाणात त्या भागात टोचले, तर कातडी बहुधा वाचवता येते. डोळ्याच्या बाबतीत मात्र इतके यश मिळत नाही. म्हणून फिलर भरणाऱ्याच्या कपाटात हे विकर तयार असणे आणि ते वापरण्याचे ज्ञान असणे ही किमान अट मानतात. ज्याला हा शब्दच ठाऊक नाही, त्याच्या हाती आपला चेहरा देऊ नये, एवढे तर मी त्या तास संपल्यावर रेंगाळणाऱ्या मुलाला निःसंकोच सांगतो.

सगळ्याच फिलरना असा उतारा नाही. चरबी, कॅल्शियमयुक्त भरणद्रव्ये, ॲक्रिलिकचे सूक्ष्म गोळे यांच्यावर हे विकर चालत नाही. आणि इतिहास पाहिला तर न विरघळणाऱ्या पदार्थांनीच माणसाला जास्त छळले आहे. व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी या शल्यवैद्याने १८९९ मध्ये क्षयामुळे शस्त्रक्रिया झालेल्या एका तरुणाच्या शरीरातील उणीव पेट्रोलियम जेली टोचून भरून काढली. म्हणजे या सगळ्या प्रकारातला पहिल्यावहिल्यांपैकी एक रुग्ण पुरुषच होता. पुढे दहा-पंधरा वर्षे पॅराफिन टोचण्याचे वेडच पसरले. पॅराफिन उष्णतेने मऊ होते आणि गुरुत्वाकर्षण कोणाला सोडत नाही. मार्लबरोची डचेस झालेल्या ग्लॅडिस डीकन हिने तरुणपणी नाक सरळ करण्यासाठी टोचून घेतलेले पॅराफिन घसरत हनुवटीपर्यंत उतरले. इतरांच्या अंगात टणक गाठी झाल्या, काहींची दृष्टी गेली. त्यानंतर द्रवरूप सिलिकोन आले. वर्षानुवर्षांनी गाठी आणि जखमा करणारा हा पदार्थ चेहरा भरण्यासाठी टोचायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिलेली नाही, तरीही चोरट्या ठिकाणी तो टोचला जातो.

फिलर म्हणजे केवळ नखरा, असाही समज नको. एड्सच्या विषाणूची बाधा झालेल्या अनेकांच्या गालांची चरबी झडून चेहरा खप्पड होतो आणि तो पाहूनच लोक त्यांना ओळखतात व टाळतात. अशा रुग्णांच्या गालांसाठी पॉलिलॅक्टिक आम्लाच्या फिलरला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली. अपघाताचे खोल व्रण भरून काढण्यासही फिलर उपयोगी पडतात.

वयाची अटही तुम्हांला माहीत हवी. अमेरिकेत ही मान्यता २२ वर्षे आणि त्यावरील प्रौढांपुरतीच आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या जबड्याचे हाड अजून वाढत असते. आज जी कड हवीशी वाटते ती दोन-तीन वर्षांत कदाचित आपोआपच येईल.

याउलट, ‘सुई नाही, दुखत नाही, घरच्या घरी करा’ अशी जाहिरात करून पेनासारखी उपकरणे आंतरजालावर विकली जातात. त्यांत जेल प्रचंड दाबाने कातडीवर फवारून आत घुसवतात. या उपकरणांविरुद्ध अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये इशारा दिला. दाबाचे गणित ज्याने केले आहे त्याला यातली अडचण लगेच दिसेल. सुई निदान कोठे आणि किती खोल आहे हे टोचणाऱ्याला कळते. फवारा किती खोल गेला आणि वाटेत कोणती रोहिणी लागली हे कळायला मार्गच नाही.

शेवटी एक प्रयोग. औषधाच्या दुकानातून १ मिलिलिटरची नवी पिचकारी आणा आणि सुई काढून ती शिक्षकांकडे किंवा वडीलधाऱ्यांकडे द्या. पिचकारीत पाणी भरा. तिच्यावर ०.०१ मिलिलिटरच्या बारीक रेघा असतात. दट्ट्या अगदी सावकाश आठ-नऊ रेघा पुढे सरकवा आणि बशीत किती पाणी पडते ते पाहा. साधारण दीड-पावणेदोन थेंब पडतील. भुवईपासून डोळ्यामागच्या टोकापर्यंतची ती रोहिणी एवढ्याने भरते.